ध्वनिक्षेपक जोडणी व संरोध

विवर्धकाच्या (विद्युत् संकेताची शक्ती वाढविणाऱ्या साधनाच्या) प्रदान अग्रांना एक किंवा अनेक ध्वनिक्षेपक जोडताना त्यांचा एकत्रित संरोध विवर्धकाला पेलवेल त्या मर्यादेखाली जाणार नाही अशी योजना करावी लागते. तिला संरोध जुळणी म्हणतात. मोटारगाडीत बसविलेले निम्नकंप्रता ध्वनिक्षेपक असोत, प्रचारवाहनावरील कर्णे असोत की नाटकाच्या मंडपातील मोठ्या पेट्या असोत, या जुळणीचे नियम सर्वत्र एकच आहेत. चुकीच्या जोडणीचा परिणाम तत्काळ दिसत नाही, ही या विषयातील मुख्य अडचण होय. उलट, प्रारंभी आवाज वाढल्याने जोडणी उत्तम झाली असाच समज होतो. विवर्धक तापून बंद पडतो किंवा जळतो, तो काही काळाने.

चंद्रपूर व गडचिरोली या वनाच्छादित जिल्ह्यांत या विषयाला विशेष महत्त्व आहे. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांसह या भागास झाडीपट्टी म्हणतात. धानाची कापणी झाल्यावर दिवाळीपासून साधारणतः होळीपर्यंत येथे नाटकांचा हंगाम चालतो. देसाईगंज (वडसा) हे नाटक मंडळ्यांचे मुख्य केंद्र असून तेथून मंडळ्या ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, कुरखेडा इ. तालुक्यांतील गावोगावी जातात. (या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री किताब देण्यात आला.) प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो. संवाद, नाट्यगीते व नृत्ये हे सर्व मोठ्या प्रेक्षकसमूहापर्यंत पोहोचविण्याचे काम ध्वनिव्यवस्थेवर असते. मध्यरात्री विवर्धक जळाल्यास दुरुस्तीचे दुकान जवळ नसते व प्रयोग थांबतो. कारागिराला हंगामातील कमाईचा मोठा भाग नव्या विवर्धकावर खर्च करावा लागतो. ही हानी टाळण्यास जोडणीपूर्वीचे दोन मिनिटांचे गणित पुरेसे असते.

संरोध : प्रचलित ध्वनिक्षेपकात चिरचुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे असते व ते कागदी किंवा तत्सम शंकूला चिकटविलेले असते. वेटोळ्यातून प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणारा) प्रवाह गेला की, वेटोळे व शंकू पुढेमागे हलतात आणि ध्वनी निर्माण होतो. चल वेटोळ्याच्या या कल्पनेचे एकस्व ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये घेतले होते. परंतु आज परिचित असलेले रूप तिला चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांच्या १९२५ मधील कार्यामुळे प्राप्त झाले. प्रत्यावर्ती प्रवाहाला मंडलात होणाऱ्या एकूण विरोधास संरोध म्हणतात व तो ओहम या एककात मोजतात. त्यात तारेचा साधा रोध, वेटोळ्याच्या प्रवर्तकत्वामुळे होणारा विरोध आणि शंकूच्या हालचालीमुळे उलट निर्माण होणाऱ्या विद्युत् दाबाचा परिणाम या तिन्हींचा समावेश होतो.

यामुळे ध्वनिक्षेपकाचा संरोध सर्व कंप्रतांना (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांना) सारखा नसतो. पाठीमागे ‘४ ओहम’ असे छापलेल्या ध्वनिक्षेपकाचा संरोध अनुस्पंदनाच्या कंप्रतेजवळ २० ओहमांच्याही वर जातो, मग खाली येतो व उच्च कंप्रतांना पुन्हा वाढत जातो. छापलेली संख्या नाममात्र असते. ध्वनिक्षेपकाच्या नेमून दिलेल्या कंप्रता पट्ट्यात संरोध नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांहून खाली जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय प्रमाणकाचा संकेत आहे. साध्या बहुमापकाने (मल्टिमीटरने) मोजला जातो तो फक्त वेटोळ्याचा एकदिश प्रवाहासाठीचा रोध होय. तो नाममात्र संरोधाहून कमी असतो : ४ ओहमांच्या ध्वनिक्षेपकाला सु. ३ ते ३·६ आणि ८ ओहमांच्या ध्वनिक्षेपकाला सु. ५·५ ते ७. मापकावर ३·२ दिसले म्हणून ध्वनिक्षेपक बिघडला असे समजून परत करणारे अनेक असतात. त्यांचा तो गैरसमज होय.

कमी संरोधाचा धोका : ‘ओहम कमी म्हणजे भार कमी’ ही समजूत सर्रास आढळते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. झाडीतील मालगुजारी तलावाच्या पाळीतून एक पाट सोडला, तर ठराविक पाणी वाहते. तितकाच रुंद दुसरा पाट सोडला आणि तलावाची पातळी तीच राहिली, तर पाणी दुपटीने जाते. विवर्धक आपल्या अग्रांवरील दाब ठरावीक ठेवण्याचा प्रयत्न करतो. बाहेरचा विरोध घटेल तसा त्याला अधिक प्रवाह पुरवावा लागतो. उदा., विवर्धकाच्या प्रदान अग्रांवर २० व्होल्ट दाब असताना ८ ओहमांत २·५ अँपि. प्रवाह जातो व ५० वॉट शक्ती खर्च होते. ४ ओहमांत ५ अँपि. व १०० वॉट. २ ओहमांत १० अँपि. व २०० वॉट आणि १ ओहमात २० अँपि. व ४०० वॉट. हा वाढता प्रवाह विवर्धकातील ट्रँझिस्टरांमधूनच जातो. नेहमीच्या प्रकारच्या विवर्धकात भाराचा संरोध निम्मा झाला की, ट्रँझिस्टरांत निर्माण होणारी उष्णताही सु. दुप्पट होते. उष्णता वाहून नेणारे ॲल्युमिनियमचे पंखे मात्र तेवढेच राहतात.

यांखेरीज दुसरा एक अपाय संभवतो. वीजपुरवठा अपुरा पडला की, संकेताची शिखरे छाटली जातात. अशा छाटलेल्या संकेतात त्याच उंचीच्या शुद्ध संकेताच्या दुपटीपर्यंत शक्ती असू शकते. तिने ध्वनिक्षेपकाचे वेटोळे जळते. ‘लहान विवर्धकाने मोठा ध्वनिक्षेपक जळत नाही’ हे म्हणणे म्हणून खरे धरू नये.

जोडणीचे प्रकार : ध्वनिक्षेपक एकापाठोपाठ जोडल्यास, म्हणजे पहिल्याचे ऋण अग्र दुसऱ्याच्या धन अग्रास याप्रमाणे साखळी केल्यास, त्या जोडणीला एकसरी (कारागिरांच्या बोलीत ‘सीरिज’) म्हणतात. तीत संरोधांची बेरीज होते. सर्वांची धन अग्रे एकत्र व ऋण अग्रे एकत्र केल्यास ती अनेकसरी (‘पॅरलल’) जोडणी होय. सारखे ध्वनिक्षेपक असतील, तर एकाच्या संरोधाला त्यांच्या संख्येने भागल्यास एकूण संरोध मिळतो : ८ ओहमांचे दोन असतील तर ४, चार असतील तर २, ४ ओहमांचे तीन असतील तर १·३३. संरोध असमान असल्यास दोहोंच्या गुणाकारास बेरजेने भागावे. ८ व ४ ओहमांच्या अनेकसरी जोडणीचा संरोध ३२ भागिले १२, म्हणजे २·६७ ओहम येतो. मधले मूल्य ६ नव्हे. दोन जोड्या एकसरी करून त्या अनेकसरी जोडल्यास मिश्र जोडणी होते. ४ ओहमांचे चार ध्वनिक्षेपक अशा रीतीने जोडले असता एकूण संरोध पुन्हा ४ ओहमच राहतो. चार सारख्या पेट्यांसाठी ही जोडणी सर्वांत सोयीची व निर्धोक आहे.

एकसरी जोडणीत ध्वनिक्षेपक अगदी सारखे असावे लागतात; भिन्न असल्यास शक्तीची वाटणी असमान होऊन एखाद्यावर अधिक ताण पडतो. तसेच एकाचे वेटोळे तुटले की साखळीतील सर्व बंद पडतात. अनेकसरीत एक तुटला तरी बाकीचे चालू राहतात. पण एखाद्यात मंडलसंक्षेप झाला (तारा एकमेकींना टेकल्या), तर सर्व भार एकदम विवर्धकावर कोसळतो.

मोटारगाडीसाठीच्या निम्नकंप्रता ध्वनिक्षेपकांत (व्यवहारात ‘सबवूफर’, ही साधने सु. २० ते १२० हर्ट्‌झ कंप्रतांचे ध्वनी देतात) पुष्कळदा एकाच शंकूवर दोन स्वतंत्र वेटोळी असतात. त्यांमुळे जोडणीचे पर्याय वाढतात आणि चुकाही वाढतात. प्रत्येकी ४ ओहमांची दोन वेटोळी एकसरीत ८ व अनेकसरीत २ ओहम देतात. असे दोन ध्वनिक्षेपक एका विवर्धकाला जोडावयाचे असल्यास प्रत्येकातील वेटोळी एकसरी व ध्वनिक्षेपक परस्परांशी अनेकसरी केल्यास ४ ओहम येतात. वेटोळी अनेकसरी व ध्वनिक्षेपक एकसरी केल्यासही ४ ओहमच येतात. सर्व अनेकसरी केल्यास १ ओहम येतो. वेटोळी प्रत्येकी २ ओहमांची असतील, तर याच जोडण्यांनी अनुक्रमे २, २ व ०·५ ओहम मिळतात. शेवटची जोडणी बहुतेक विवर्धकांस झेपत नाही. दोन वेटोळ्यांपैकी एकच जोडून दुसरे मोकळे ठेवण्याची पद्धतही आढळते. तीत जोडलेल्या वेटोळ्यावर सर्व उष्णतेचा भार येतो व ध्वनिक्षेपकाची शक्ती धारण करण्याची क्षमता सु. निम्मी होते, म्हणून ती टाळावी.

सेतू जोडणी : दोन मार्गांच्या विवर्धकाचे दोन्ही मार्ग विरुद्ध कलेत चालवून एकच ध्वनिक्षेपक त्यांच्यामध्ये जोडता येतो. यास सेतू जोडणी (‘ब्रिज’) म्हणतात. तीत ध्वनिक्षेपकावर दुप्पट दाब येतो. परंतु प्रत्येक मार्गाला बाहेरचा संरोध निम्माच भासतो. सेतूला ४ ओहमांचा ध्वनिक्षेपक जोडला असता प्रत्येक मार्ग २ ओहमांचा भार वाहत असतो. म्हणून विवर्धकावर सामान्य जोडणीसाठी ‘किमान २ ओहम’ असे लिहिलेले असल्यास सेतूसाठी किमान ४ ओहम धरावेत. या जोडणीत प्रदान अग्रांपैकी कोणतेही अग्र भूमीशी किंवा गाडीच्या धातूच्या सांगाड्याशी जोडू नये, कारण दोन्ही अग्रे संकेतवाही असतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात जळालेल्या विवर्धकांपैकी बरेच याच एका नियमाच्या विस्मरणाने जळालेले होते.

आवाजात प्रत्यक्ष पडणारी भर : शक्ती दुप्पट केल्याने ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलांनी वाढते. कानाला ही वाढ जाणवते, परंतु आवाज दुप्पट झाला असे मुळीच वाटत नाही. ४ ओहमांवर चालणारा विवर्धक २ ओहमांवर नेऊन मिळते ती एवढीच. एका पेटीशेजारी तशीच दुसरी अनेकसरी जोडली, तर निम्न कंप्रतांना पातळी सु. ६ डेसिबलांनी वाढते : निम्मी वाढ अधिक शक्तीमुळे व निम्मी दोन शंकू एकत्र हलल्यामुळे. तीच पेटी एकसरी जोडल्यास पातळी जवळजवळ होती तेवढीच राहते. मात्र प्रत्येक वेटोळ्यावरील भार एक-चतुर्थांश होतो. अनेकसरीचा मोह का पडतो, हे यावरून ध्यानात येईल. विवर्धकाची नेमून दिलेली मर्यादा सांभाळून तो मोह पुरविण्यास हरकत नाही. मर्यादा ओलांडावी लागत असल्यास दुसरा विवर्धक घेणे हाच स्वस्त मार्ग असतो.

मोटारगाडीतील व्यवस्था : गाडीतील विद्युत् घटमाला १२ व्होल्टची असते व एंजिन चालू असताना दाब सु. १४ व्होल्ट होतो. एवढ्या दाबावर थेट चालणाऱ्या सेतू विवर्धकाला शुद्ध संकेताचा सु. १० व्होल्ट परिणामी दाब देता येतो. म्हणजे ४ ओहमांत फार तर २५ वॉट आणि व्यय वजा जाता सु. २० वॉट शक्ती मिळते. घरगुती ध्वनिक्षेपक पुष्कळदा ८ ओहमांचे, तर गाडीतील ४ किंवा २ ओहमांचे का असतात, याचे कारण हेच आहे : दाब कमी असताना शक्ती मिळविण्यासाठी संरोध कमी ठेवावा लागला. अधिक शक्तीच्या विवर्धकांत घटमालेचा दाब आतील परिवर्तक मंडलाने वाढविला जातो. तरीही सर्व शक्ती अखेर घटमालेतूनच यावयाची असते. ४०० वॉट प्रदान शक्ती देणाऱ्या, ६० टक्के कार्यक्षमतेच्या विवर्धकाला पूर्ण भारावर सु. ६६७ वॉट लागतात. १३·५ व्होल्टला हा प्रवाह सु. ५० अँपि. होतो. स्विच पद्धतीच्या (‘डी’ वर्गाच्या) ८० टक्के कार्यक्षम विवर्धकाला सु. ३७ अँपि. पुरतात. लहान मोटारीचे जनित्र सर्व कामांसाठी मिळून सामान्यतः ६० ते ९० अँपि. देते, हे लक्षात घेतल्यास जोडणीतील एका चुकीने भार दुप्पट होण्याचा अर्थ कळून येईल.

गाडीत विवर्धक जळण्याहून आग लागणे अधिक भयंकर असते. घटमालेच्या धन अग्रापासून निघालेल्या तारेत वितळतार (फ्यूज) असलीच पाहिजे व ती घटमालेपासून ४५ सेंमी. च्या आत असावी. विवर्धकातील वितळतार केवळ विवर्धकाचे रक्षण करते; गाडीच्या पत्र्यातून गेलेल्या लांब तारेचे आवरण घासून ती सांगाड्याला टेकली, तर तिचा काहीही उपयोग होत नाही. पत्र्याच्या भोकात रबरी कडे बसवावे. वितळतारेचे मूल्य तारेच्या प्रवाहवहन क्षमतेवरून ठरवावे. ती वारंवार वितळते म्हणून तेथे जाड तार गुंडाळणे म्हणजे आगीला वाट करून देणे होय. नाटकाची जाहिरात करीत फिरणाऱ्या वाहनांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट संभवते. चौकात एंजिन बंद करून विवर्धक चालू ठेवला जातो. घटमालेचा दाब उतरतो, आवाज चिरका होतो व चालक आवाजाचे बटण आणखी फिरवितो. वेटोळी जळण्याचे हे नित्याचे कारण आहे.

नाट्यमंडपातील व्यवस्था : मंडपात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंस पेट्या उभ्या करतात. पेटीच्या पाठीमागे सामान्यतः दोन जोडखोबणी असतात. एकीतून संकेत आत येतो व दुसरीतून पुढील पेटीकडे जातो. दुसऱ्या खोबणीमुळे पेट्या एकापुढे एक मांडलेल्या दिसतात, म्हणून ही एकसरी जोडणी आहे असे नवख्यास वाटते. वस्तुतः दोन्ही खोबणी आत एकमेकींना जोडलेल्या असतात व अशी प्रत्येक नवी पेटी अनेकसरीतच जाते. ८ ओहमांच्या दोन पेट्यांपर्यंत ४ ओहम, तिसऱ्या पेटीला २·६७ आणि चौथ्या पेटीला २ ओहम. गर्दी वाढली म्हणून ऐनवेळी शेवटच्या पेटीला आणखी एक पेटी जोडली जाते; विवर्धकाजवळ बसलेल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. नृत्याचे प्रवेश आले की निम्न कंप्रतांचा भार वाढतो आणि एका बाजूचा आवाज नाहीसा होतो. पेट्यांवर संरोध ठळक रंगविणे व पेटी वाढविण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

तारेची लांबीही गणितात धरावी लागते. १·५ चौ. मिमी. काटछेदाची तांब्याची तार २० मी. अंतरापर्यंत नेल्यास जाण्यायेण्याचे मिळून ४० मी. होतात व त्यांचा रोध सु. ०·४६ ओहम भरतो. ८ ओहमांच्या पेटीबाबत सु. ५ टक्के शक्ती तारेत खर्च होते. २ ओहमांच्या गटाबाबत सु. १९ टक्के. दूरवरच्या कर्ण्यांसाठी म्हणून निराळी पद्धत वापरतात. विवर्धकातील रोहित्राने प्रदान दाब १०० व्होल्टपर्यंत चढवून तो तारेने नेतात व प्रत्येक कर्ण्याजवळ लहान जुळणी रोहित्र बसवून पुन्हा उतरवितात. ३० वॉटसाठी जोडलेला कर्णा या तारेवर सु. ३३३ ओहमांचा भासतो. असे चार अनेकसरी जोडले की सु. ८३ ओहम होतात; हा १२० वॉट विवर्धकाचा पूर्ण भार आहे. १०० मी. अंतरापर्यंत नेलेल्या वरील तारेचा २·३ ओहम रोध त्यापुढे नगण्य ठरतो. या पद्धतीत ओहमांचे गणित करावे लागत नाही. कर्ण्यांच्या वॉटांची बेरीज विवर्धकाच्या वॉटांहून थोडी कमी ठेवली की पुरते. जुळणी रोहित्राशिवायचा ८ ओहमांचा कर्णा मात्र १०० व्होल्टच्या अग्रांना कधीही जोडू नये. या तारांना स्पर्श झाल्यास विजेचा धक्काही बसू शकतो.

जुन्या निर्वात नलिकांच्या विवर्धकांवर काम केलेल्या कारागिरांत ‘ध्वनिक्षेपक न जोडता मशीन चालू करू नये’ असा दंडक होता व तो योग्यच होता. अशा विवर्धकाला भार नसेल, तर प्रदान रोहित्रात अतिउच्च दाब निर्माण होऊन त्याचे निरोधन फुटते. ट्रँझिस्टर विवर्धकाचे याच्या उलट आहे. त्याला मोकळी अग्रे चालतात, टेकलेली चालत नाहीत. जुना दंडक नव्या साधनांना लावल्याने विवर्धक चालू असतानाच तारा जोडण्याची सवय काही ठिकाणी राहिली आहे. तीत तारांची टोके एकमेकींस टेकून क्षणात नुकसान होते.

तपासणी : सर्व जोडणी झाल्यावर, परंतु विवर्धकाला तारा लावण्यापूर्वी, त्या तारांच्या टोकांशी बहुमापकाने रोध मोजावा. मापकाच्या स्वतःच्या तारांचा रोध (टोके एकमेकींना टेकवून दिसतो तो) त्यातून वजा करावा. गणिताने ४ ओहम येत असतील, तर मापकावर ३ ते ३·६ च्या आसपास दिसले पाहिजे. १·६ दिसल्यास कोठेतरी एकसरीऐवजी अनेकसरी जोडणी झालेली आहे. शून्याजवळ दिसल्यास तारा टेकल्या आहेत आणि काहीच न दिसल्यास मंडल तुटलेले आहे. धन-ऋण अग्रांची खात्री १·५ व्होल्टच्या घटाने करता येते. घटाचे धन अग्र ध्वनिक्षेपकाच्या धन अग्रास क्षणभर टेकविल्यास शंकू पुढे सरकतो. दोन शेजारच्या पेट्यांपैकी एकीची अग्रे उलट जोडली गेली, तर संरोध बरोबर असूनही निम्न कंप्रतांचे ध्वनी परस्परांना नाहीसे करतात. मग कमी आवाजाचे खापर विवर्धकावर फुटते व त्याला आणखी पेट्या जोडल्या जातात.

प्रयोग चालू असताना विवर्धकावरील संरक्षणदर्शक तांबडा दिवा लागल्यास विवर्धक पुनःपुन्हा बंद-चालू करून पाहू नये. आवाजाचे बटण शून्यावर आणून विवर्धक बंद करावा, त्या बाजूच्या सर्व पेट्या सोडवाव्यात आणि विवर्धक मोकळाच चालू करून दिवा विझतो का ते पाहावे. विझल्यास दोष बाहेर आहे. त्यानंतर प्रत्येक वेळी विवर्धक बंद करून एकेक पेटी जोडीत जावे. ज्या पेटीनंतर दिवा पुन्हा लागेल ती पेटी किंवा तिची तार बाजूला ठेवावी व उरलेल्या पेट्यांवर पुढचा अंक चालवावा.